प्रश्न उद्भवत नाही

“नाना, बाकीनं ऱ्हाऊ द्या. ती शेवटनी लाइन परत वाचा.”

“तीनदा वाची ना आक्का.”

“चौथांदा वाचा. तोंड तुमनं शे, कान मना शेतस. कोनले काय तरास?”

देवचंद नानांनी बंडीच्या टोकानं चष्मा पुसला, कागद हातभर लांब धरला आणि वाचलं, “‘ग आणि घ : प्रश्न उद्भवत नाही.’”

“म्हंजे काय?”

“म्हंजे आपन जे इचारं, ते इचारानं कारनच नही. आसं सरकारनं म्हननं शे.”

“बेबाबाई तठे खाटलावर बठीसन लोहारना भातामायक छाती करस. ती उद्भवत नही?”

नानांनी कागदाची घडी घातली, परत उघडली.

“बोला ना. चाळीस वरीस बठ्ठा गावले कागद वाची दिन्हात. आते आपला कागद उना तं दातखीळ बसनी.”

कागद लोकसभेतला होता. दोन पानी, हिंदीतला. नाना त्याचं तिथल्या तिथं मराठी करून सांगत होते. खासदारांच्या पीएनं तो मोबाइलवर पाठवला होता आणि नानांनी नरडाण्याला जाऊन छापून आणला होता, कारण हातात धरता येत नाही तो नानांच्या लेखी कागदच नव्हे. नाना खैरपाटचे जुने पोस्टमास्तर. आता वय ब्याऐंशी. घरात संविधानाची प्रत आहे, ती फडक्यात बांधून ठेवलेली नाही. बोटं लागून लागून तिच्या कडा काळ्या पडल्यात. दिवसभर मोबाइल तांब्याला टेकवून ते संसदेचं कामकाज बघतात. सून म्हणते, आमच्या घरात टीव्हीवर सासू-सुना भांडत नाहीत, खासदार भांडतात.

आणि त्यांच्या ओट्यावर कंबरेवर हात ठेवून उभी होती ती आक्काबाई तोताराम बिऱ्हाडे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी रांधणारी. कागदावर चोपन्न वर्षांची, खरी अठ्ठावन्न. डोळे कायम लाल. नवं माणूस बघून म्हणतं, बाई रडून आली वाटतं. आक्काबाई रडून आलेली कुणी पाहिलेली नाही. ते डोळे धुराचे.

तिचं स्वयंपाकघर म्हणजे शाळेच्या मागची पत्र्याची खोली. आत दगड-मातीच्या दोन चुली. भिंतीला एक खिडकी, तिची जाळी काजळीनं बुजून गेलेली. काडी घालून भोक पाडलं तर चार दिवसांनी परत बुजतं. पटावर त्रेसष्ट पोरं. सरपण म्हणून पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की उभी वाळलेली झाडं लोक उपटून बांधावर टाकतात, ती आक्काबाई भारे बांधून आणते. पऱ्हाटी भसकन पेटते आणि भसकन विझते, म्हणून चुलीपुढून उठता येत नाही. शिवाय वर्षभर त्या झाडांवर जे जे फवारलेलं असतं ते सगळं धुरात उतरतं. त्या धुराला बाभळीच्या धुराचा वास नसतो. तो घशाला चिकटतो.

एकोणीस वर्षांपूर्वी ती लागली तेव्हा गावात कुरबूर झाली होती. बौद्धवाड्यातली बाई रांधणार म्हटल्यावर नऊ घरांनी पोरांना डबे बांधून दिले. तेव्हा माळ्यांच्या गल्लीतली बेबाबाई, जी दुसरी मदतनीस म्हणून लागली होती, तिनं भर सुट्टीत ओसरीवर मांडी घातली, आक्काबाईच्या हातची खिचडी ताटभर खाल्ली आणि ज्यांचे डबे होते त्यांच्या आयांना नावं घेऊन विचारलं, की तुमच्या घरच्या भाजीत काय सोनं पडतं का. महिनाभरात डबे बंद झाले. तेव्हापासून दोघी एका चुलीपुढं. एक फुंकायची, एक ढवळायची. तोंडानं दिवसभर एकमेकींची उणीदुणी काढायच्या, आणि एक आली नाही की दुसरीला खिचडीतलं मीठ कळायचं नाही.

फुंकणारी बेबाबाई होती. पंधरा वर्षं फुंकलं. मग खोकला धरला, मग धाप. धुळ्याला दाखवायला नेलं तर डॉक्टरनं विचारलं, दिवसाला किती विड्या ओढता? बेबाबाई उठून बाहेर आली. मी काय विडी ओढनारी दिखस का म्हणून बाहेरच्या बाकावर बसून राहिली. आक्काबाई आत गेली आणि तिनं डॉक्टरला चूल, पत्रा, पऱ्हाटी सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकून म्हणाला, मग विडी परवडली असती.

आता बेबाबाई अंगणात खाटेवर बसलेली असते, उशाला धाप लागली की तोंडात मारायचा फवाऱ्याचा पंप. बोलताना अर्ध्या वाक्यात थांबते. तिची जागा भरली नाही. आक्काबाई एकटीच फुंकते, एकटीच ढवळते आणि गेल्या हिवाळ्यापासून पहाटे तिलाही खोकला येतो. पंधरा-वीस मिनिटं येतो. ती कुणाला सांगत नाही. शेजारच्या भिंतीला ऐकू जातो.

म्हणून नानांकडून तिनं अर्ज लिहून घेतला होता. नरडाण्याला एका लग्नात खासदार येणार होते. तिथं नानांनी अर्ज त्यांच्या पीएच्या हातात दिला आणि तो खिशात जाईपर्यंत हात सोडला नाही. लोकसभेत प्रश्न विचारा, असं अर्जात होतं. पीएनं चार भागांचा प्रश्न बनवला. क, जिल्ह्यातल्या किती शाळांत गॅसवर रांधलं जातं. ख, दिलेल्या शेगड्या वापरात आहेत का. ग, चुलीच्या धुरानं किती स्वयंपाकी बायकांचे डोळे गेले, छाती गेली. घ, त्यांच्या औषधपाण्याची काय सोय.

आक्काबाईनं तेव्हाच विचारलं होतं, ह्याच्यात खैरपाट कुठंय? नानांनी समजावलं की एका शाळेपुरता प्रश्न लोकसभेत चालत नाही, अख्ख्या जिल्ह्याचा करावा लागतो. प्रश्न पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. शेकड्यांनी येतात, मग चिठ्ठ्या पडतात. वीस प्रश्न तारेचे, म्हणजे तारांकित, निघतात, त्यांना मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतो, त्यावर खासदाराला उलटून विचारता येतं, मंत्र्याला घाम फुटतो. बाकीचे बिनतारेचे. त्यांचं उत्तर लेखी येतं आणि सभागृहाच्या पटलावर ठेवलं जातं.

“आपला कोनता?”

“बिनतारेना.”

“पटल म्हंजे?”

“टेबल.”

“मंग टेबलवरना कागद कोन उचलस?”

पत्र पोचतं, उशिरा का होईना पण पोचतं, ह्यावर ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाला हा प्रश्न विचारणंच वाईट होतं.

प्रश्नाचा दिवस उजाडला तेव्हा आक्काबाई पोरांचं जेवण उरकून, पातेली घासून अडीच वाजता नानांच्या ओट्यावर गेली. तिला वाटलं, आपलं काहीतरी दिसेल. नाना ओशाळे होऊन म्हणाले, सकाळचा प्रश्नांचा तास पाच मिनिटांत आटपला, गोंधळ झाला, बंद केलं. लेखी उत्तरं मात्र ठेवली म्हणे. आता एक कायदा चाललाय, बस, बघ.

ती बसली. तांब्याला टेकवलेल्या मोबाइलमध्ये अर्धी माणसं फलक धरून पुढं ओरडत होती, अर्धी जागेवर बसून ओरडत होती, आणि उंच खुर्चीवरचा माणूस मान खाली घालून वाचत होता. खंड दोन ते एकेचाळीस विधेयकाचा भाग बनावेत. जे बाजूनं आहेत त्यांनी हो म्हणावं. होऽऽ. जे विरोधात आहेत त्यांनी नाही म्हणावं. आवाज काही कळला नाही. मला वाटतं हो म्हणणाऱ्यांचं बहुमत आहे. पुढं. आक्काबाई तोवर सुपारी कातरत होती. सुपारीचं खांड कातरून झालं तोवर कायदा झाला.

“व्हयना?”

“व्हयना,” नाना म्हणाले. मग घाईघाईनं सांगू लागले की नेहमी असं नसतं. विधेयकाची तीन वाचनं असतात. कधी ते समितीकडे जातं, तिथं लोकांना बोलावून ऐकून घेतात, एकेका शब्दावर महिना महिना वाद होतो, दुरुस्त्या सुचवतात. मग वरच्या सभागृहात जातं, तिथंही हेच सगळं, मग राष्ट्रपतींची सही.

“तीनदा वाचतस,” आक्काबाई म्हणाली. “वाचस कोन ते सांगा. तो मानूस तं आकडा वाची ऱ्हायना.”

आमच्या शाळेच्या समितीत पळी ॲल्युमिनियमची घ्यायची का स्टीलची, ह्यावर दीड तास बैठक चालली होती, असं ती म्हणाली. शेवटी स्टीलची ठरली, पण निदान ती पळी सगळ्यांनी हातात धरून बघितली होती.

नानांना ते लागलं. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला.

आठ दिवसांनी उत्तराचा कागद आला आणि ओट्यावर वर सांगितलं ते झालं. क चं उत्तर, राज्यानं कळवल्याप्रमाणे सदर जिल्ह्यातल्या सर्व पात्र शाळांमध्ये. ख चं उत्तर, होय, शाळास्तरावरच्या नोंदी उपलब्ध आहेत. आणि सगळ्या शाळांत गॅस आहे म्हटल्यावर चूल आपोआप विझली, धूर निघालाच नाही, छाती कुणाची गेलीच नाही. एका ओळीत बेबाबाईचा निकाल लागला.

“नोंदी म्हंजे कोनता कागद?” आक्काबाईनं विचारलं.

“तुमनी शायामाच व्हई,” नाना म्हणाले. पोस्टातल्या माणसाला कागदाचा उलटा माग काढता येतो. त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. दिल्लीनं मुंबईला विचारलं, मुंबईनं जिल्ह्याला, जिल्ह्यानं तालुक्याला, तालुक्यानं केंद्राला, म्हणजे बारा शाळांच्या गटाला. केंद्रानं फाईल उघडली. मग तीच माहिती तशीच्या तशी वर गेली. वाटेत कुणी खोटं बोललं नाही. प्रत्येकानं खालचा आकडा वर सरकवला.

दुसऱ्या दिवशी आक्काबाईनं मुख्याध्यापिका दीपमाला मॅडमना ती फाईल काढायला लावली. मॅडम दोन वर्षांपूर्वीच बदलून आलेल्या. फाईल त्यांच्या आधीच्या काळातली. मॅडमनी पान उलटलं आणि न बोलता फाईल तिच्याकडे फिरवली.

‘गॅस शेगडी व टाकी प्राप्त झाली व नियमित वापरात आहे.’ खाली सही. आक्काबाई. मोठ्या अक्षरांत, ‘क्का’ जरा वाकडा. शेजारी फोटो चिकटवलेला. फोटोत आक्काबाई भाच्याच्या लग्नातली हिरवी साडी नेसून शेगडीजवळ उभी, हातात पळी. शेगडीवर पातेलं. आणि मागच्या कोपऱ्यात, जरा निरखून पाहिलं तर, चुलीतून निघणारा धूर.

सगळं आठवलं तिला. त्या वेळचे केंद्रप्रमुख जीपमध्ये शेगडी-टाकी घेऊन आले होते. चांगली साडी नेसून या म्हणाले. खिचडी चुलीवर शिजली होती, ते पातेलं दोघींनी उचलून न पेटलेल्या शेगडीवर ठेवलं. फोटो झाला. मग ते म्हणाले, हीच शेगडी पुढच्या गावात फोटोला न्यायचीय, तुमची उद्या येईल. त्या दिवशी त्या एका शेगडीनं सात शाळा केल्या, हे तिला नंतर कळलं.

आणि सही तिनं का केली? अडाणी म्हणून नव्हे. आक्काबाई चौथी शिकलेली आहे, वर्तमानपत्र वाचते. सही केली कारण लागल्यापासून ती तशीच करत आली होती. तांदळाची गाडी दोन महिन्यांतून एकदा येते. ड्रायव्हर खाली उतरत नाही. खिडकीतून पॅड बाहेर काढतो, आधी सही, मग मागचा फाळका खाली. सही नाही तर गाडी पुढच्या गावाला. पोती मोजत बसलं तर पोरं उपाशी. म्हणून तालुक्यातली प्रत्येक स्वयंपाकी बाई आधी सही करते आणि मग मागं जाऊन बघते, काय उतरलं. तेल तसंच, मसाला तसाच. त्या दिवशी शेगडीचा कागद पुढं आला तेव्हा हात आपोआप चालला. तिला वाटलं, ही उतरवण्याआधीची सही. फरक एवढाच की शेगडी उतरून, फोटो काढून, परत चढली.

फाईल मिटून ती खोलीत गेली आणि त्या दिवशी पोरांवर, पातेल्यावर, पऱ्हाटीवर जे दिसेल त्याच्यावर डाफरली. संध्याकाळी बेबाबाईच्या खाटेजवळ बसून तिनं सगळं सांगितलं. लोकसभेला जे उत्तर गेलं ते मीच दिलंय म्हणाली. मनीच सही, मनाच फोटो. बेबाबाईनं पंप तोंडाला लावला, दम घेतला आणि म्हणाली, “फोटोमां मी नही ना? बरं व्हयनं. मनी साडी धुवाले टाकेल व्हती.” मग दोघी हसल्या, आणि हसता हसता बेबाबाईला जी धाप लागली ती अर्धा तास बसेना. पाठ चोळताना आक्काबाईनं ठरवलं, परत लिहायचं.

नानांनी दुसरं पत्र लिहिलं. खासदारांना आता नानांपेक्षा जास्त राग आला होता, कारण खोटं उत्तर त्यांच्या नावावर छापलं गेलं होतं. त्यांनी अध्यक्षांना लेखी कळवलं की उत्तर चुकीचं आहे. नानांचा चेहरा पुन्हा उजळला. आता बघ, म्हणाले. चुकीचं निघालं तर मंत्र्याला सभागृहात दुरुस्तीचं निवेदन करावं लागतं, मागं दिलेलं उत्तर बरोबर नव्हतं म्हणून. ते छापतात, कायमचं राहतं.

“उभं ऱ्हाईसन सांगनं पडस?”

“पडस.”

“ते मले देखनं शे,” आक्काबाई म्हणाली. “तव्हढं देखसू नि मंग मरसू.”

चौकशीचा कागद पुन्हा त्याच वाटेनं खाली आला. दिल्लीहून निघालेल्या कागदाला प्रत्येक मुक्कामी एक ‘तात्काळ’ चिकटतं. वर दोन आठवडे होते. जिल्ह्यात चार दिवस उरले. केंद्रावर तो पोचला तेव्हा त्यावर लिहिलेलं होतं, आज दुपारी तीनपर्यंत.

म्हणून परवा मंगळवारी, सव्वाबारा वाजता, तांदूळ नुकता चुलीवर पडला असताना, नवे केंद्रप्रमुख रतिलाल सर मोटारसायकलवरून उतरले. माणूस वाईट नाही. बारा शाळा, एक मोटारसायकल आणि रोज कुणाचं तरी तात्काळ. त्यांच्याकडे टाइप केलेला कागद होता, खाली सहीला जागा.

मॅडमनी तो आक्काबाईला वाचून दाखवला. ‘शाळेत गॅस शेगडी प्राप्त असून ती वापरात आहे. पूर्वी दिलेली माहिती बरोबर आहे.’

आक्काबाई चुलीपुढून उठली नाही. फुंकणी खाली ठेवली फक्त.

रतिलाल सर दारातच उभे राहिले, धुरामुळं रुमाल नाकाला. ते समजुतीनं बोलले. शेगडी मंजूर आहे, आठ दिवसांत नक्की येतेय, मी स्वतः आणून देतो. मग हे खोटं कुठं राहिलं? फक्त आठ दिवस पुढचं आहे. आज सही करा.

ती म्हणाली, शेगडी आणा. इथं मांडा, टाकी जोडा, पेटवा. त्यावर त्रेसष्ट पोरांची खिचडी रांधून मी वाढते, मग ताट पुसून सही करते.

“बाई, मला तीन वाजता पाठवायचंय.”

“मंग तीन वाजालोंग रांधस मी. आना.”

सरांचा आवाज चढला. हे काही गावचं भांडण नाही म्हणाले. लोकसभेला उत्तर द्यायचंय, देशाच्या लोकसभेला, तुम्हाला काही कळतंय का? तुमच्या एका सहीवाचून किती साहेब अडकलेत? आणि मागच्या वेळी सही तुम्हीच केली होती ना? फोटो तुमचाच आहे ना? मग आता नाही म्हटलात तर खोटं कुणी लिहून दिलं, असं विचारतील. समितीनं ठराव केला तर पुढच्या महिन्यात ह्या चुलीवर दुसरी बाई बसेल.

ते शेवटचं बोलून गेल्यावर त्यांनाच बरं वाटलं नसावं, कारण त्यांनी रुमाल नाकावरून काढला. आक्काबाई उठली. पातेल्यातली पळी हातात, तिच्यावरून पाणी ठिबकत होतं.

“बसाडा दुसरी बाई,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “पन तिले पह्यले बेबाबाईना आंगनमां लई जा. खाटलावर काय बठेल शे ते दखाडा. मंग तिनी सही लिज्या. आनि साहेब, लोकसभाले उत्तर देनं शे ते मले कळस. तुमले कळत नही. तठे इचारनारा इचारस तं त्याले खरं ऐकानं ऱ्हास. नहीतं इतला मोठा घरमां इतला लोके काब्रं बठाडेल शेतस? होऽऽ म्हनाले?”

मॅडम दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. सरांच्या सहीवर त्यांचा गोपनीय अहवाल होता, हे तिघांनाही माहीत होतं.

“मॅडम, कोरा कागद द्या,” आक्काबाई म्हणाली.

मॅडमनी दिला. आक्काबाई ओसरीवर बसली, कागदाखाली ताट घेतलं आणि लिहायला लागली. लिहायला तिला पाच-सहा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात रतिलाल सर दोनदा घड्याळ बघून बाहेर गेले, दोनदा आत आले. पोरं वर्गाच्या खिडकीतून माना काढून बघत होती. तिनं लिहिलं ते असं :

‘मी आक्काबाई तोताराम बिऱ्हाडे. एकोनीस वरीस व्हयनात, मी खैरपाटनी शायामां रांधस. शेगडी एक दिन उनी, फोटो काढा, लई गयात. मी सही करी ती मनी चूक शे. आज बी मी चूल्हावर रांधस. धूरमां बेबाबाईनी छाती गयी. मले बी खोकला शे. प्रश्न उद्भवस.’

खाली सही. ‘क्का’ ह्या वेळी सरळ आला.

सरांनी वाचलं. ते धुळ्याकडचेच, अहिराणी त्यांना घरातली. तरी म्हणाले, हे असं वर पाठवता येत नाही, ही भाषा चालत नाही. लोकसभेत बावीस भाषा ऐकवायची सोय आहे, नानांनी तिला सांगितलं होतं. कानाला यंत्र लावलं की आपल्या भाषेत ऐकू येतं. त्या बावीसांत अहिराणी नाही, हेही सांगितलं होतं.

“मंग मराठीमां करा, इंग्रजीमां करा, तुमले जशी पायजे तशी करा,” आक्काबाई म्हणाली. “पन तीन वाजता हाऊच कागद जाई. मना दुसरा कागद नही.”

तेव्हा मॅडमनी ते केलं, जे त्या दिवशी कुणालाच अपेक्षित नव्हतं. त्या ऑफिसात गेल्या, शिक्का घेऊन आल्या आणि आक्काबाईच्या कागदावर मारला. जावक क्रमांक घातला, तारीख घातली, ‘माहिती खरी आहे’ असं लिहून स्वतःची सही केली. शिक्का जरा तिरपा बसला. मग मोबाइलवर दोन फोटो काढले आणि मूळ कागद सरांच्या हातात दिला.

“मॅडम, तुम्ही नवीन आहात,” सर म्हणाले.

“दोन वर्षं झाली सर. रोज इथलाच धूर आत येतो माझ्या वर्गात.”

सरांनी टाइप केलेला कागद घडी करून खिशात घातला, आक्काबाईचा फाईलमध्ये ठेवला. फाईल डिक्कीत गेली. तीन वाजता कोणता वर जाणार, हे त्यांनाही मोटारसायकल चालू करेपर्यंत ठरवता आलं नसावं. किक मारायला त्यांनी फार वेळ लावला. मॅडमनी एक फोटो नानांच्या मोबाइलवर धाडला. नाना तो छापायला नरडाण्याला जाणार, पाकिटात घालणार आणि रजिस्टर करूनच दिल्लीला टाकणार, हे सांगायला नको. पावती मात्र मले द्या, असं आक्काबाईनं त्यांना बजावून ठेवलंय.

मोटारसायकलची धूळ खाली बसायच्या आत तिला जळका वास आला. ती आत धावली. पऱ्हाटी विझली होती, पातेलं बुडाला लागलं होतं. वर तांदूळ अजून टणक. तिनं स्वतःला एक सणसणीत शिवी घातली, बादलीतलं अर्धं पाणी वर ओतलं, चुलीत नवी जुडी कोंबली आणि फुंकणी तोंडाला लावली. एकदा फुंकलं, दोनदा फुंकलं. तिसऱ्यांदा खोकला आला. भिंतीला हात टेकून तिनं तो जाऊ दिला, तोंड पदरानं पुसलं आणि परत फुंकलं.

बाहेर घंटा झाली. त्रेसष्ट ताटं एकदम वाजायला लागली.

“वाजाडू नका रे,” ती आतून म्हणाली, “दहा मिनिटं शेतस आजून.” आणि बुडाची करप वर येऊ न देता, पळी कडेकडेनं फिरवत राहिली.